कॉपी अडली तर आधी निरोप वाचा

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा परिसरातून एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत कानावर येते. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्यात न्यायचं आहे, माऊसने ओढून टाकलं की मध्येच अडकतं, कुणीतरी ‘कमांड प्रॉम्प्टमधून करा’ असं सांगितलं, आणि तिथे इंग्रजीतली एक ओळ उमटून काम ठप्प होतं. विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेच्या नोट्स जपणारे विद्यार्थी आहेत, ऑनलाइन अर्ज भरून देणारे झेरॉक्सवाले आहेत, लग्नाचे फोटो सांभाळणारे स्टुडिओ आहेत आणि दुकानात सीसीटीव्ही बसवलेले व्यापारीही आहेत.

बहुतेक जण पुढे दोनच गोष्टी करतात. तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देतात, आणि तरीही जमलं नाही की पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात. कृपया असं करू नका. ती इंग्रजी ओळ म्हणजे कॉपी नेमकी कुठे अडली याचा निरोप असतो. अडण्याची कारणं बहुतेक वेळा तीन जातींची असतात: नाव किंवा पत्ता चुकला, परवानगी नाही, किंवा डिस्कमध्येच दोष आहे. यातलं कोणतं ते कळलं की अर्धं काम झालं.

आज्ञा आणि निरोप इथे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा. फोल्डर वेगळे करणारी रेघ \ अशी असते आणि पर्यायाआधीची / अशी. या दोन रेघांची अदलाबदल झाली तरी एरर येते.

आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहात?

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबलं की काळी खिडकी उघडते. कर्सरच्या डावीकडे जे लिहिलेलं असतं, तिथे आपण उभे असता. नुसतं फाइलचं नाव दिलं तर ती फाइल याच फोल्डरमध्ये शोधली जाते. ‘सीडी’ या आज्ञेने फोल्डर बदलतो, पण ड्राइव्ह बदलत नाही. ‘सीडी ई:\फोटो’ लिहूनही आपण सी ड्राइव्हमध्येच राहता, आणि एररही येत नाही. त्यासाठी ‘सीडी /डी ई:\फोटो’ असं लिहा.

शक्यतो पत्ता हाताने टाइपच करू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये शिफ्ट दाबून फाइलवर उजवी क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडा. पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांसह मिळतो, तो काळ्या खिडकीत पेस्ट करा. नावाची पहिली काही अक्षरं लिहून टॅब दाबलं तरी उरलेलं नाव आपोआप येतं. या दोन सवयींनी पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

‘कॅनॉट फाइंड’ असा निरोप आला तर

शेवटचे दोन शब्द नीट वाचा. ‘फाइल स्पेसिफाइड’ असेल तर फोल्डर सापडला आहे, फाइलचं नाव चुकलं आहे. ‘पाथ स्पेसिफाइड’ असेल तर फोल्डरचा पत्ताच चुकला आहे. नेहमीची कारणं अशी:

- नावात मोकळी जागा. ‘लग्न फोटो’ हे आपल्यासाठी एक नाव, कॉम्प्युटरसाठी दोन. संपूर्ण पत्ता "…" अशा दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. अशा वेळी ‘सिंटॅक्स इज इनकरेक्ट’ असाही निरोप येतो.
- नावात & हे चिन्ह. स्टुडिओवाल्यांना हे हमखास भोवतं, कारण फोल्डरला नवरा & नवरी अशीच नावं दिलेली असतात. अवतरणचिन्हं नसतील तर & पाशी आज्ञा तुटते आणि पुढचा भाग स्वतंत्र आज्ञा समजला जातो.
- लपलेलं एक्स्टेन्शन. दिसतं ‘अर्ज.पीडीएफ’, प्रत्यक्षात असतं ‘अर्ज.पीडीएफ.पीडीएफ’. ‘डीआयआर’ ही आज्ञा दिली की खरं नाव दिसतं.
- डेस्कटॉपचा बदललेला पत्ता. वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर आपल्या नावाच्या फोल्डरखालच्या ‘वनड्राइव्ह’मध्ये गेलेले असतात. शिवाय ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली कॉम्प्युटरवर नसतात, नेटवर असतात. आधी त्यांच्यावर उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि त्या उतरू द्या.
- ऑफिसचा नेटवर्क ड्राइव्ह. साध्या खिडकीत ‘झेड:’ दिसतो, पण ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडलेल्या खिडकीत दिसत नाही. ड्राइव्ह हरवलेला नसतो. हे काम साध्या खिडकीतूनच करा.

मोबाइलचं प्रकरण वेगळं आहे. केबलने जोडलेला फोन एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण त्याला ‘ई:’, ‘एफ:’ असं अक्षर मिळत नाही, म्हणून काळ्या खिडकीतून तो गाठता येत नाही. कितीही पत्ते बदलून पाहिले तरी उपयोग नाही. फोनमधले फोटो आधी एक्सप्लोररने कॉम्प्युटरवर घ्या, किंवा मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये लावा. कार्ड रीडरला अक्षर मिळतं.

पेनड्राइव्हमध्ये फाइली होत्या आणि आता फक्त शॉर्टकट दिसत असतील तर तो व्हायरसचा उद्योग आहे. अनेक कॉम्प्युटरांत फिरणाऱ्या पेनड्राइव्हला हा रोग लवकर जडतो. मूळ फाइली बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासणी करा, मग ही आज्ञा द्या (जी: च्या जागी आपल्या पेनड्राइव्हचं अक्षर):

ॲट्रिब -एच -एस -आर जी:\*.* /एस /डी

मराठी नावांच्या फाइली

आपल्याकडे हा प्रश्न खास महत्त्वाचा आहे. ‘सातबारा उतारा’, ‘आईची कागदपत्रं’ अशी देवनागरी नावं विंडोज नीट साठवतं. जुन्या काळ्या खिडकीचा फॉन्ट मात्र ती दाखवू शकत नाही, त्यामुळे चौकटी किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. फाइल बिघडली असं समजू नका. ती प्रश्नचिन्हं पाहून तशीच टाइप मात्र कधीही करू नका, कारण आज्ञेत ? म्हणजे ‘इथे कोणतंही एक अक्षर चालेल’, आणि भलतीच फाइल उचलली जाऊ शकते.

सोपा मार्ग म्हणजे मराठी नाव टाइप न करता त्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत तो अख्खा फोल्डर कॉपी करणं. विंडोज ११ मधल्या ‘टर्मिनल’मध्ये देवनागरी पुष्कळ बरी दिसते, तेही वापरून पाहा. आज्ञा एखाद्या बॅच फाइलमध्ये साठवायच्या असतील तर ती फाइल नोटपॅडमधून ‘यूटीएफ-८’ मध्ये साठवा आणि तिच्या पहिल्या ओळीत ‘सीएचसीपी ६५००१’ लिहा.

फाइल कॉपी झाली, पण उघडल्यावर मजकूर अगम्य दिसतो, अशी तक्रारही ऐकू येते. त्यात कॉपीचा दोष नसतो. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवावा लागतो.

परवानगी नाकारली: ‘ॲक्सेस इज डिनाइड’

क्रमाने तपासा. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होतं.

1. कॉपी कुठे टाकता आहात? सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकायला साध्या खिडकीला परवानगी नसते. दुसरी जागा निवडा.
2. त्याच नावाची ‘रीड ओन्ली’ फाइल तिथे आधीच आहे का? ती असेल तर तिच्यावर नवी फाइल बसत नाही. ‘ॲट्रिब -आर’ आणि पुढे फाइलचा पत्ता लिहून ती खूण काढा.
3. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू आहे का? खंडणीखोर व्हायरसपासून बचावासाठी असलेली ही सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. ती कायमची बंद करण्याऐवजी हव्या त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या.
4. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून नव्याला जोडली आहे का? तिच्यातल्या युजर फोल्डरची मालकी जुन्या खात्याकडे असते. ॲडमिनिस्ट्रेटर खिडकी उघडून आधी ‘टेकओन /एफ "पत्ता" /आर’ आणि मग ‘आयकॅक्ल्स’ने आपल्या खात्याला हक्क द्या.

चौथी पायरी फक्त आपल्या त्या एका फोल्डरवर करा. इंटरनेटवरचा व्हिडिओ पाहून संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेतली तर विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचे हक्क विस्कटतात, आणि मग नवीन विंडोज टाकण्याशिवाय इलाज उरत नाही. जुन्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तिला पर्याय नाही. ‘तोडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

‘बीइंग यूज्ड बाय अनदर प्रोसेस’ असा निरोप असेल तर ती फाइल दुसरीकडे उघडी आहे. वर्ड, आउटलुक, टॅली बंद करा. टॅलीचा डेटा तर प्रोग्रॅम बंद केल्याशिवाय कॉपी करूच नये. आज्ञेने तो उचलला तरी अर्धवट अवस्थेतला उचलला जाण्याची भीती असते.

जागा आहे, तरी ‘जागा नाही’

६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, फाइल ६ जीबीची आहे, आणि निरोप येतो ‘नॉट इनफ स्पेस ऑन द डिस्क’. लग्नाचा व्हिडिओ नेताना हे हमखास घडतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेला असतो आणि त्या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फाइल सिस्टिम’ वाचा.

उपाय दोन. आतलं सगळं दुसरीकडे हलवून पेनड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करणं हा पहिला. आतलं न पुसता ‘कन्व्हर्ट जी: /एफएस:एनटीएफएस’ देणं हा दुसरा. दुसऱ्या उपायाआधीही बॅकअप घ्याच. माझं मत एक्सफॅटच्या बाजूने आहे, कारण एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह बरेच टीव्ही आणि गाडीतले म्युझिक सिस्टिम वाचत नाहीत.

दुसरी मर्यादा पत्त्याच्या लांबीची. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपलीकडे गेला की ‘कॉपी’ अडते. ‘एक्सकॉपी’ तर ‘इनसफिशियंट मेमरी’ असं म्हणते, आणि लोक रॅम बदलायला निघतात. रॅमचा यात काही संबंध नाही. फोल्डरांची नावं लहान करा किंवा रोबोकॉपी वापरा. तिला लांब पत्ते चालतात.

‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ किंवा ‘आय/ओ डिव्हाइस एरर’

हे दोन निरोप आले की बाकी सगळं बाजूला ठेवा. कॉम्प्युटर डिस्कवरचा मजकूर वाचू शकत नाही, असा त्यांचा अर्थ आहे. आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचं पोर्ट वापरा, पोर्टेबल डिस्क हबमधून न जोडता थेट जोडा. एवढ्याने सुटलं तर उत्तम.

सुटलं नाही तर डिस्क जायच्या मार्गावर आहे असंच धरून चाला. या वेळी लोक ‘चेकडिस्क /आर’ लावतात, कारण तसं सर्वत्र सांगितलं जातं. ही आज्ञा डिस्कचा प्रत्येक भाग वाचून काढते. आजारी डिस्कवर तो ताण शेवटचा ठरू शकतो. क्रम उलटा ठेवा: आधी ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते वाचवा, म्हणजे फोटो, प्रमाणपत्रांचे स्कॅन, हिशेब. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर नंतर. दुरुस्तीचा विचार सगळ्यात शेवटी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती लगेच बंद करा. मग काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आपलं नाही.

‘कॉपी’ आज्ञेचा सापळा

या सापळ्यात एररच येत नाही, म्हणून तो सर्वांत घातक. समजा, आपण लिहिलं:

कॉपी *.जेपीजी ई:\बॅकअप

ई ड्राइव्हवर ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर असेल तर सगळे फोटो त्यात जातील. तो फोल्डर नसेल तर विंडोज ‘बॅकअप’ हे फाइलचं नाव समजतं आणि सगळे फोटो एकापुढे एक जोडून एकच निरुपयोगी फाइल बनवतं. शेवटी ‘१ फाइल कॉपीड’ असं शांतपणे लिहून येतं. ती ओळ न वाचता मूळ फोटो पुसले, तर ते गेले.

म्हणून शेवटी रेघ द्या: ई:\बॅकअप\ . मग फोल्डर नसेल तर एरर येईल, आणि इथे एरर येणं हेच हिताचं. शिवाय ‘कॉपी’ आतले उपफोल्डर घेत नाही. दोन-चार फाइलींपलीकडे तिचा वापर करू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

मोठ्या कामाला रोबोकॉपी

ही आज्ञा विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे, वेगळी घ्यावी लागत नाही. घरच्या कामाला ही एक ओळ पुरते:

रोबोकॉपी "सी:\युजर्स\नाव\पिक्चर्स" "ई:\जुने फोटो" /ई /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सजे /युनिलॉग:ई:\नोंद.टीएक्सटी /टी

शेवटच्या ‘टी’चं इंग्रजी स्पेलिंग टी-ई-ई. ‘/ई’ म्हणजे उपफोल्डरांसह. ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ म्हणजे फाइल अडली तर दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद. हे दोन पर्याय विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून प्रयत्न करते. ‘रात्रभर लावलं, सकाळी तिथेच होतं’ या तक्रारीचं मूळ बहुधा हेच असतं. ‘/एक्सजे’ने ती फसव्या जोडफोल्डरांत फिरत बसत नाही, आणि ‘/युनिलॉग’मुळे नोंदवहीत मराठी नावं शाबूत राहतात.

सांभाळायच्या गोष्टी:

- ‘कॉपी’त शेवटची रेघ द्यायची, इथे मात्र अवतरणचिन्हाआधी द्यायची नाही. "ई:\जुने फोटो\" असं लिहिलं की रोबोकॉपीचा गोंधळ होतो.
- ‘/मिर’ हा पर्याय दोन्हीकडे हुबेहूब सारखं करतो. म्हणजेच मुळात नसलेल्या फाइली बॅकअपमधून पुसतो. दोन पत्ते उलटे पडले तर रिकामा फोल्डर भरलेल्याला रिकामं करतो. आधी ‘/एल’ जोडून नुसती यादी पाहा. घरच्या बॅकअपसाठी हा पर्याय न वापरलेलाच बरा.
- अख्खा ड्राइव्ह एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी केला तर तो नवा फोल्डर लपून बसतो आणि कॉपी झालीच नाही असं वाटतं. आज्ञेत ‘/ए-:एसएच’ जोडा. आधीच लपला असेल तर वरची ‘ॲट्रिब’ आज्ञा वापरा.

काम संपल्यावर एक तक्ता येतो. त्यातला ‘फेल्ड’ हा स्तंभ पाहा. तिथे शून्य असेल तर ठीक. शून्य नसेल तर नोंदवही उघडून कोणत्या फाइली राहिल्या ते पाहा. बॅच फाइल लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: रोबोकॉपी १ हा निकाल देते तेव्हा कॉपी यशस्वी झालेली असते. ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काही फाइली राहिल्या.

मूळ पुसण्याआधी

दोन्ही फोल्डरांवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळवा. चार-पाच फाइली नव्या जागेवरून उघडून पाहा. पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा.

एखाद्या महत्त्वाच्या फाइलची खात्री करायची असेल तर तिचा हॅश काढा:

सर्टयुटिल -हॅशफाइल "पत्ता" एसएचए२५६

मूळ आणि प्रत, दोन्हींची ही लांबलचक ओळ तंतोतंत सारखी आली तर प्रत बिनचूक आहे.

सीसीटीव्ही असलेल्या दुकानदारांना याची विशेष गरज पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. चोरी किंवा अपघाताचं चित्रण असेल तर ते डीव्हीआरमधून लगेच काढा, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. काढलेल्या फाइलचा हॅश तेव्हाच लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ आकाराने आक्रसतो आणि त्याचा हॅश बदलतो. तो माहितीपुरता ठीक, पुराव्यासाठी मूळ फाइलच हवी.

दुकानात देताना तुमचे हक्क

- दुरुस्तीला देताना पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर आणि ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ हे लिहून घ्या. जुनी डिस्क बदलली तर ती परत मागा. ती तुमची आहे.
- हमी डिस्कची असते, आतल्या मजकुराची सहसा नसते. हमीत डिस्क बदलून मिळते तेव्हा जुनी कंपनीकडे जाते. म्हणून खाजगी कागदपत्रं असतील तर हा व्यवहार करायचा का, हे आधी ठरवा.
- फारच स्वस्तात मिळालेला ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह बहुधा बनावट असतो. सुरुवातीच्या फाइली बसतात, नंतरच्या फक्त नावाला दिसतात आणि उघडत नाहीत. घेतल्याबरोबर तो पूर्ण भरून, फाइली परत वाचून तपासा. बिल घेतलंच पाहिजे.
- विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा, आणि सोबत बिल, दुकानाची पावती आणि पडद्यावरच्या निरोपाचा फोटो जोडा.